कारागिरांची पंगत



स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा समितीचा निरोप आला. स्नेहमेळाव्याच्या पत्रिकेत 'सहभोजन' असा एक शब्द छापला आहे, त्यावरच लिहावे असे मी ठरवले. कारण इतिहास म्हटले की आपल्याला लढाया, किल्ले आणि सनावळ्या आठवतात. जेवणाचा इतिहास कुणी विचारत नाही. पण एका कसबाची माणसे वर्षातून एकदा एकत्र जेवायला बसतात, ही गोष्ट फार जुनी आहे. त्या पंगतीत कोण बसले आणि कोण बसू शकले नाही, यावरून त्या काळाबद्दल बरेच कळते.

मी शिंप्याच्या घरचा. आपल्या वर्गातल्या अनेकांचे गणवेश आमच्या घरच्या मशीनवर शिवले गेले, हे तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. आमच्याकडे वर्षातून दोन दिवस मशीन बंद असे. एक खंडेनवमीचा. त्या दिवशी कात्री, टेप, इस्त्री आणि मशीन यांना हळद-कुंकू लागायचे. सुताराच्या घरी वाकस-रंधा, लोहाराच्या घरी घण-ऐरण, तशी आमच्या घरी कात्री. दुसरा दिवस आषाढ वद्य त्रयोदशीचा, म्हणजे संत नामदेव महाराजांच्या समाधीचा. त्या दिवशी समाजाची मंडळी एकत्र जमत. सकाळी अभिषेक आणि भजन, मग पालखी, दुपारी काल्याचे कीर्तन आणि नंतर पंगत. पालखीपुढे लहान पोरे नामदेव, जनाबाई, गोणाई, दामाशेटी अशी सोंगे घेऊन चालत. म्हणजे सातशे वर्षांपूर्वीचे एक घर दिवसभरासाठी रस्त्यावर उभे राहायचे. पंगतीला पळसाच्या पानांच्या पत्रावळी. चातुर्मास लागलेला, म्हणून भाजीत कांदा-वांगे नाही. गंगाफळाची भाजी, वरण-भात, पोळी आणि बुंदी. खर्च वर्गणीतून. कुणी किती दिले याची वही शेवटी सगळ्यांपुढे वाचली जाई.

ही वही मला पुढे इतिहास वाचताना वारंवार आठवली.

नाशिकचा हिशेब

आपल्याकडे एका धंद्यातल्या लोकांच्या संघटनेला प्राचीन काळी 'श्रेणी' म्हणत. नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा एक लेख कोरलेला आहे. क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याने तीन हजार कार्षापण, म्हणजे त्या वेळची नाणी, गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवली. एका श्रेणीकडे २००० नाणी, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे १०००, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा नाणी द्यायची.

आता आपल्या गणिताच्या सरांना आवडेल अशी गोष्ट. दोन हजारांवर शेकडा एक म्हणजे महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्षू गुणिले बारा नाणी, तेही दोनशे चाळीस. हिशेब एका नाण्यानेही चुकत नाही. हा व्यवहार नगराच्या सभेत वाचून दाखवला आणि नोंदवला, असेही लेखात म्हटले आहे. त्याच लेण्यात आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातला आणखी एक लेख आहे. त्यात आजारी भिक्षूंच्या औषधासाठी ठेवलेल्या रकमा आहेत आणि त्या सांभाळणाऱ्यांत तेल गाळणाऱ्यांची श्रेणी आहे.

राजाच्या जावयाने पैसे ठेवावेत आणि तेही विणकरांकडे, याचा अर्थ काय? राज्ये येतील-जातील, पण विणकरांची संघटना टिकेल आणि तिची वही खरी राहील, असा त्याचा विश्वास होता. कारागिरांच्या एकजुटीची ही आपल्या भूमीतली सर्वांत जुन्या पुराव्यांपैकी एक साक्ष आहे.

लंडनचे शिंपी

युरोपात अशा संघटनेला 'गिल्ड' म्हणत. या शब्दाच्या मुळाशी 'देणे', म्हणजे आपल्या भाषेत वर्गणी, असा अर्थ आहे. प्रत्येक गिल्डचा एक पाठीराखा संत असे. त्या संताच्या दिवशी सर्व सभासदांनी प्रार्थना करायची, मिरवणूक काढायची आणि मग एकत्र जेवायचे. गैरहजर राहणाऱ्याला दंड होई. आजारी सभासदाला, मेलेल्याच्या विधवेला याच वर्गणीतून मदत होई.

लंडनच्या शिंप्यांचा पाठीराखा संत जॉन द बॅप्टिस्ट. त्यांच्या संघटनेला राजाची सनद मिळाली १३२७ साली. आपले नामदेव महाराज जन्मले १२७० साली आणि समाधिस्थ झाले १३५० साली. म्हणजे लंडनचे शिंपी राजाकडून सनद घेत होते तेव्हा पंढरपूरच्या आपल्या शिंप्याचे वय छप्पन्न-सत्तावन्न होते. दोघांना एकमेकांची वार्ताही नव्हती. पण संताचा दिवस, मिरवणूक, वर्गणी आणि पंगत ही चौकट दोन्हीकडे तीच. हाताने काम करणाऱ्या माणसाला आपली माणसे जमवण्यासाठी याहून वेगळे काय सुचणार?

या लंडनच्या शिंप्यांची एक गोष्ट मला फार आवडते. त्यांचे आणि केसाळ कातड्यांचा, म्हणजे फरचा, धंदा करणाऱ्या 'स्किनर्स'चे मानपानावरून जुने भांडण होते. शहराच्या मिरवणुकीत सहावा मान कुणाचा आणि सातवा कुणाचा, यावरून हातघाईपर्यंत गोष्ट गेली. १४८४ साली महापौर रॉबर्ट बिलेस्डन यांनी निवाडा दिला. एक वर्ष शिंपी सहावे, पुढच्या वर्षी स्किनर्स सहावे, आणि दोघांनी दरवर्षी एकमेकांच्या मुख्य माणसांना आपल्या घरी जेवायला बोलवायचे. ही पद्धत आजही पाळली जाते. आपल्याकडे पोळ्याला कुणाची बैलजोडी आधी जाणार यावरून गावोगाव झालेली भांडणे आठवा, म्हणजे या निवाड्याचे मोल कळेल. ज्याच्याशी वैर, त्याला आपल्या हाताने वाढायचे. असा निवाडा करायला शहाणपण लागते.

पंगतीची दुसरी बाजू

इथपर्यंत सगळे गोड आहे. पण मित्रांनो, जी पंगत माणसाला आत घेते, तीच माणसाला बाहेरही ठेवते. ही बाजू सांगितली नाही तर इतिहास अर्धाच राहील.

शिवकाळातले आणि पेशवाईतले कागद पाहिले तर 'गोत' हा शब्द सतत भेटतो. जातीची किंवा गावची सभा म्हणजे गोत. एखाद्याकडून चूक झाली, किंवा झाली असे गोताला वाटले, की त्याला वाळीत टाकत. त्याला परत घ्यायचे तर प्रायश्चित्त आणि मग त्याने गोताला जेवण घालायचे. लोक त्याच्या पंक्तीला बसले की तो शुद्ध झाला. जेवण हीच शिक्षा आणि जेवण हीच सुटका. 'रोटी-बेटी व्यवहार' या आपल्या शब्दजोडीत रोटी आधी आणि बेटी नंतर येते, ते उगाच नाही.

वाळीत टाकणे चालत होते ते धंद्यांच्या जोरावर. बलुतेदारीत प्रत्येकाचे काम ठरलेले. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, चांभार. याद्या गावागणिक थोड्या बदलतात. वर्षभर काम करायचे आणि खळ्यावर धान्याच्या रूपात बलुते घ्यायचे. आता न्हाव्याने हात लावला नाही, परिटाने कपडे घेतले नाहीत, कुंभाराने मडके दिले नाही, तर माणूस जगणार कसा? ज्ञानेश्वरांच्या भावंडांची मांड्यांची आख्यायिका आपण सगळ्यांनी ऐकली आहे. मुक्ताबाईला मांडे करायचे होते, पण विसोबा चाटीने गावातल्या कुंभाराला सांगून मातीचे परळ मिळू दिले नाही. मग ज्ञानेश्वरांनी आपली पाठ तापवली आणि तिच्यावर मांडे भाजले. लहानपणी आपण ही चमत्काराची गोष्ट म्हणून ऐकली. आज मला त्यात बहिष्काराची सगळी यंत्रणा दिसते. एका पोरक्या मुलीला साधे मातीचे भांडे नाकारले की झाले.

ही यंत्रणा फार काळ जिवंत राहिली. म्हणूनच महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. तो विधिमंडळाने २०१६ साली मंजूर केला आणि २०१७ साली अमलात आला. शिवकाळातले कागद वाचताना हे साल लक्षात ठेवावे. तो इतिहास आपल्या अगदी दाराशी येऊन थांबलेला आहे.

कुंभाराच्या घरची बैठक

याच मध्ययुगात एक निराळी बैठकही झाली, असे परंपरा सांगते. तेर गावी गोरोबा काका कुंभारांच्या घरी संत मंडळी जमली. त्यातले धंदे पाहा. गोरोबा मडकी घडवणारे. नामदेव शिंपी. त्याच काळात पंढरपुरात नरहरी सोनार दागिने घडवत होते आणि अरणला सावता माळी मळा शिंपत होते. मुक्ताबाईने कोपऱ्यातले थापटणे पाहिले आणि विचारले, हे कशाला? गोरोबा म्हणाले, मडके पक्के की कच्चे ते पाहायला. मग आमची मडकी तपासा, असे म्हटल्यावर त्यांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारले. सगळे गप्प बसले, नामदेव मात्र रागावले. गोरोबांनी निकाल दिला: हे मडके कच्चे.

या निकालानंतर नामदेव गुरूच्या शोधात निघाले आणि औंढा नागनाथाला त्यांना गुरू भेटले, असे मानतात. गुरू कोण? विसोबा खेचर. ज्यांनी मुक्ताबाईला परळ मिळू दिले नाही तेच हे विसोबा, असे परंपरा सांगते. भांडे नाकारणारा माणूस बदलला आणि एका शिंप्याचा गुरू झाला. आपल्या वाशीमच्या दक्षिणेला लागूनच हिंगोली जिल्हा. नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नर्सी तिथलेच आणि औंढाही तिथलेच. म्हणजे ही सगळी गोष्ट आपल्या शेजारची आहे.

या कथेत एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. परीक्षा घेणारा कुंभार, परीक्षेचे साधन त्याच्या धंद्यातले आणि नापास होणारा सर्वांत नावाजलेला. इथे एका धंद्याचा माणूस दुसऱ्या धंद्याच्या माणसाला तपासतो आणि दोघेही एका छपराखाली बसतात. श्रेणीत हे नव्हते, गिल्डमध्ये नव्हते आणि गोतात तर नव्हतेच.

पण याही मंडळींतल्या एकाला देवळाच्या आत जागा नव्हती. संत चोखामेळा. आपल्या किन्हीराजासारखेच नावात 'राजा' असलेले बुलढाणा जिल्ह्यातले मेहुणाराजा हे त्यांचे जन्मगाव मानतात. मंगळवेढ्याला गावकुसाचे बांधकाम चालू असताना भिंत कोसळली आणि १३३८ साली ते तिच्याखाली दबून गेले. मजूर म्हणून काम करताना गेलेला हा संत. नामदेवांनी त्यांच्या अस्थी शोधून पंढरपूरला आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. त्या काळी शिंप्याने हे करणे ही छोटी गोष्ट नव्हती. तरीही समाधी महाद्वाराच्या बाहेरच राहिली. चोखोबांच्या माणसांना ते दार उघडायला १९४७ साल उजाडावे लागले आणि त्यासाठी साने गुरुजींना उपोषण करावे लागले. मध्ये सहाशे नऊ वर्षे गेली.

आमच्या समाजाच्या पंगतीत कीर्तनकार नामदेव-चोखोबांची ही कथा रंगवून सांगत. श्रोत्यांचे डोळे भरून येत. मग कीर्तन संपे आणि पंगत बसे ती फक्त आमचीच. कुणी वाईट नव्हते, कुणी कुणाला हाकललेही नाही. रीत तशी होती. गावातल्या प्रत्येक समाजाची आपापल्या संताची पंगत अशीच बसे. संतांची नावे वेगळी, पण हिशेब एकच.

शाळेची पंगत

मग ही रीत मोडली कुठे? माझ्या मते ती शाळेत मोडली.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले. तिथे सगळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करत आणि एकत्र जेवत. १९२७ साली गांधीजी ते पाहायला गेले. आपल्या विदर्भात पंजाबराव देशमुखांनी अमरावतीच्या श्रद्धानंद छात्रालयात हेच केले. गाडगेबाबांनी पंढरपुरात धर्मशाळा बांधली ती चोखामेळ्याच्या नावाने. पुढे १५ ऑगस्ट १९९५ पासून शाळांत पोषण आहार सुरू झाला. आधी महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळायचा, तोही हजेरी पुरी असेल तर. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की शाळेतच शिजवलेले अन्न द्यावे. मग खिचडी आली. त्या खिचडीबद्दल आपण पुष्कळ थट्टा केली आहे. पण एकाच कढईतले, एकाच ओळीत बसून आणि आडनाव न विचारता वाढलेले अन्न गावातल्या प्रत्येक पोराने खाल्ले, हे या गावांच्या इतिहासात याआधी रोजच्या रोज कधीच घडले नव्हते.

आपल्या वेळी तर डबेच होते. झाडाखाली बसून आपण ते उघडायचो. कुणाची ज्वारीची भाकर आणि ठेचा, कुणाची पोळी, कुणाच्या डब्यात फक्त चटणी. दोन घास इकडचे, दोन घास तिकडचे. वारकऱ्यांचा काला तरी दुसरे काय असतो? गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या एकत्र केल्या, तोच काला. पंढरपूरजवळ गोपाळपूरला दर आषाढी पौर्णिमेला तो होतो. आपला रोज व्हायचा, मधल्या सुट्टीत.

धंदा गेला, पंगत राहिली

आता अखेरचा मुद्दा. लंडनच्या त्या शिंप्यांच्या संघटनेत आज कात्री हातात धरणारे फारच थोडे असतील. आमच्या समाजाच्या पंगतीतही तेच चित्र आहे. तयार कपडे आले, गणवेशही तयार मिळू लागले आणि मशीनवर बसणारे कमी झाले. पंगतीला शिक्षक येतात, बँकेतले येतात, पुण्या-मुंबईला नोकरी करणारे येतात. गुणवंत मुलांचे सत्कार होतात, वधू-वर परिचय होतो. यात चांगले पुष्कळ आहे. पण धंदा गेल्यावर उरते ती फक्त जात, ही भीती मला वाटते. नाशिकच्या विणकरांवर राजाचा जावई विश्वास ठेवत होता तो त्यांच्या कुळामुळे नव्हे. त्यांच्या कामामुळे आणि वहीमुळे. काम सरले आणि वही बंद झाली, तर मग एकत्र बसायचे कशासाठी, हा प्रश्न प्रत्येक समाजाच्या पंगतीला पडायला हवा.

तो आपल्यालाही पडायला हवा. आपणही एक श्रेणीच आहोत. आपला एकत्र धंदा म्हणजे शाळा शिकणे. तो संपून कितीतरी वर्षे झाली. आता आपण फक्त जेवायला जमतो आहोत. मग या जेवणाला काही अर्थ राहावा म्हणून मी समितीला दोन गोष्टी सुचवतो.

पहिली, वहीची. वर्गणीतून उरलेली रक्कम उषवदातासारखी ठेव म्हणून ठेवावी. मुद्दलाला हात लावायचा नाही. व्याजातून शाळेतल्या गरजू मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च करावा आणि हिशेब दरवर्षी सगळ्यांपुढे वाचावा. रक्कम छोटी असली तरी चालेल. विणकरांनी वीसच माणसांची सोय केली होती.

दुसरी, पंगतीची. खुर्च्या-टेबले नकोत, पत्रावळीच घ्याव्यात. पहिली पंगत गुरुजनांची आणि शाळेची घंटा वाजवणाऱ्या, पाण्याची टाकी भरणाऱ्या, वर्ग झाडणाऱ्या मावश्या-काकांची एकत्र व्हावी. वाढायला आपण. आणि आपल्या पंगतीच्या वेळी ज्यांनी चुलीपाशी उभे राहून सगळे शिजवले, त्या आचारी मंडळींनाही आपल्या ओळीत बसवावे. त्यांना वाढायला मी उभा राहीन. सोबतीला कोण येते ते आधी कळवा, म्हणजे बुंदीची बादली कुणाकडे आणि वरणाची कुणाकडे, ते ठरवता येईल.